बोर्ड लॅपटॉपशी बोलतो, पण लॅपटॉपमार्फत बाहेर जात नाही

शिरोली_मीटर:

नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीत इंडक्शन भट्टीच्या वीजमीटरच्या नोंदी घेणारी लहान यंत्रणा बसवण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. मीटर आरएस-४८५ या सिरीयल जोडणीच्या तारेवरून मॉडबसने (औद्योगिक उपकरणांच्या संवादाची पद्धत) माहिती देतो आणि ती वाचण्यासाठी मी बीगलबोन ब्लॅक हा छोट्या संगणकासारखा बोर्ड घेतला आहे. बोर्डावर डेबियन ही लिनक्स प्रणाली आहे. पॅनलपाशी लॅनची तार आलेली नाही आणि बोर्डाला वाय-फाय नाही, पण ऑफिसच्या वाय-फायची रेंज माझ्या लॅपटॉपला तेथपर्यंत मिळते. म्हणून बोर्ड यूएसबी तारेने लॅपटॉपला जोडावा आणि लॅपटॉपचे इंटरनेट बोर्डाला द्यावे, असा बेत आहे. इंटरनेट लागणार आहे ते पायथनची मॉडबस लायब्ररी व आणखी काही पॅकेजे उतरवण्यापुरते. शिवाय चाचणीचे काही दिवस ऑफिसमध्ये बसून बोर्डावर लॉगिन करता आले, तर दर वेळी भट्टीजवळ जाऊन उभे राहावे लागणार नाही.

आतापर्यंतची स्थिती अशी. तार जोडल्यावर लॅपटॉपवर (उबुंटू लिनक्स) नवा नेटवर्क इंटरफेस दिसतो, त्याला १९२.१६८.७.१ हा पत्ता मिळतो आणि बोर्ड १९२.१६८.७.२ वर असतो. एसएसएचने (दूरच्या यंत्रावर सुरक्षितपणे जाण्याची आज्ञा) लॉगिन होते, बोर्डावरून लॅपटॉपला पिंगही (उत्तर येते का हे पाहणारी चाचणी) होते. पुढे मात्र घोडे अडते. सुरुवातीला बोर्डावरून इंटरनेटवरच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग केले की ‘नेटवर्क इज अनरीचेबल’ असा संदेश लगेच येत असे. बोर्डावर डीफॉल्ट राउट (बाहेर जाण्याची नेहमीची वाट) १९२.१६८.७.१ कडे दिल्यावर तो संदेश गेला, पण आता काहीच उत्तर येत नाही, आणि पिंग थांबवले की सगळी पाकिटे हरवली असे आकडे दिसतात. लॅपटॉपवर आयपी फॉरवर्डिंग (एका जाळ्यातील पाकिटे दुसऱ्यात पुढे पाठवणे) १, म्हणजे चालू, आहे, हे तपासले आहे. वाय-फायच्या इंटरफेसवर मास्करेडचा (बोर्डाची पाकिटे लॅपटॉपच्या पत्त्याने बाहेर पाठवण्याचा) नियमही आयपीटेबल्सने (लिनक्सच्या फायरवॉलची आज्ञा) घातला आहे.

उबुंटूच्या नेटवर्क सेटिंगमध्ये यूएसबीच्या जोडणीसाठी ‘शेअर्ड टू अदर कॉम्प्युटर्स’ हा पर्यायही निवडून पाहिला. त्याने बोर्डावर लॉगिन होणेसुद्धा बंद झाले, आणि तो पर्याय काढल्यावर लॉगिन पुन्हा सुरू झाले. असे का व्हावे, हे समजत नाही. नॅटऐवजी, म्हणजे असा पत्ता बदलण्याऐवजी, ब्रिज केला (दोन्ही बाजू एकाच जाळ्यात जोडल्या) तर हे सगळे सोपे होईल का? आणि पुढे हेच काम माझ्या सहकाऱ्याच्या विंडोज लॅपटॉपवर करायचे झाले, तर काय वेगळे करावे लागेल?

रंकाळा_राउटर:

आपल्या प्रश्नातच निम्मे उत्तर आहे, कारण दोन्ही वेळा काय दिसले ते आपण नेमके लिहिले आहे. ‘अनरीचेबल’ हा संदेश बोर्डाच्या कर्नलने (प्रणालीच्या गाभ्याने) स्वतःच दिलेला होता: त्या पत्त्याकडे जाणारी वाटच त्याच्या तक्त्यात नव्हती, म्हणून पाकीट तारेवर उतरलेच नाही. आता जी शांतता आहे तिचा अर्थ पाकीट बोर्डातून निघाले आहे आणि ते जाताना किंवा त्याचे उत्तर येताना वाटेत गळते आहे. तेव्हा बोर्डावर आता काहीही बदलू नये. अशा वेळी बरेच जण बोर्डावरच खटपट करत बसतात, कार्डावर इमेज पुन्हा चढवतात, आणि संध्याकाळपर्यंत स्थिती जैसे थे राहते. दोष बहुधा लॅपटॉपमध्ये आहे आणि तो अंदाजाने शोधण्याचे कारण नाही.

बोर्डावर ८.८.८.८ चे पिंग चालू ठेवावे. लॅपटॉपवर दोन टर्मिनल उघडून एकात यूएसबीच्या इंटरफेसवर आणि दुसऱ्यात वाय-फायच्या इंटरफेसवर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पाकिटे दाखवणारी आज्ञा) लावावे, आणि दोन्हीकडे फक्त आयसीएमपी, म्हणजे पिंगची पाकिटे, पाहावे. यूएसबीच्या बाजूला विनंती दिसते पण वाय-फायच्या बाजूला काहीच उमटत नाही, असे असेल तर लॅपटॉप पाकीट पुढे ढकलत नाही. म्हणजे फॉरवर्डिंग बंद आहे किंवा फायरवॉलची फॉरवर्ड साखळी (पुढे जाणाऱ्या पाकिटांच्या नियमांची यादी) ते टाकून देते आहे. वाय-फायवर विनंती दिसते पण तिचा पाठवणारा अजूनही १९२.१६८.७.२ असाच दिसतो, तर मास्करेडचा नियम लागू होत नाही. बहुतेक वेळा त्यात इंटरफेसचे नाव चुकीचे असते. उबुंटूवर वाय-फायचे नाव डब्ल्यूलॅन० असेल असे गृहीत धरू नये, ते सहसा डब्ल्यूएलपी या अक्षरांनी सुरू होते, आणि आयपीटेबल्स अस्तित्वात नसलेल्या इंटरफेसचा नियमसुद्धा विनातक्रार घालून घेते. तिसरी शक्यता अशी की विनंती लॅपटॉपच्या पत्त्याने बाहेर जाते, उत्तरही वाय-फायवर परत येते, पण यूएसबीकडे वळत नाही. मग परतीच्या पाकिटांना परवानगी देणारा, म्हणजे प्रस्थापित जोडण्यांचा नियम नाही असे समजावे. आणि विनंती योग्य पत्त्याने बाहेर जाऊनही उत्तर येतच नसेल, तर ऑफिसच्या राउटरवर आयसीएमपी अडवलेले असू शकते. अशा वेळी लॅपटॉपवरूनच ८.८.८.८ ला पिंग करून पाहावे, म्हणजे लगेच उलगडा होतो.

मास्करेड लागतेच का, असा प्रश्न येथे अनेकांना पडतो. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते १९९६ सालच्या आरएफसी १९१८ नुसार खासगी वापरासाठी राखून ठेवलेले आहेत. कोणीही आपल्या भिंतीआड ते वापरावेत. ऑफिसच्या राउटरला आपला लॅपटॉप माहीत असतो, पण त्या लॅपटॉपच्या पलीकडे १९२.१६८.७.० असे आणखी एक जाळे आहे याची त्याला कल्पना नसते. बोर्डाचे पाकीट मूळ पत्त्यासह गेले, तर त्याचे उत्तर कोणाकडे द्यायचे हे राउटरला ठरवता येत नाही. ऑफिसच्या राउटरवर या जाळ्याची वाट लिहून ठेवता आली, तर नॅटशिवायही काम होईल, पण आपल्यासारख्या बाहेरून आलेल्या माणसाला तो राउटर कोणी हात लावू देणार नाही, आणि ते बरोबरच आहे.

‘शेअर्ड’ पर्यायाने लॉगिन का तुटले, तेही यातूनच कळते. तो पर्याय निवडला की नेटवर्कमॅनेजर (उबुंटूवर नेटवर्क सांभाळणारा प्रोग्राम) लॅपटॉपच्या त्या इंटरफेसला सहसा १०.४२.०.१ हा पत्ता देतो, आणि पलीकडच्या उपकरणाने आपल्याकडून पत्ता मागून घ्यावा या अपेक्षेने तेथे स्वतःचा डीएचसीपी (पत्ते वाटणारी सेवा) चालू करतो. बीगलबोन मात्र यूएसबीच्या बाजूला कोणाकडे पत्ता मागत नाही. तो स्वतः १९२.१६८.७.२ वर ठाम बसतो आणि उलट लॅपटॉपलाच १९२.१६८.७.१ हा पत्ता वाटतो. दोन्ही बाजू पत्ता वाटायला बसल्या आणि घेणारा कोणी नाही, अशी ती अवस्था होते. म्हणून त्या जोडणीचे सेटिंग पत्ता आपोआप मिळवण्यावरच राहू द्यावे आणि नॅट हाताने करावे. दुसरा मार्ग बोर्डाचा यूएसबी इंटरफेस डीएचसीपीचा ग्राहक करण्याचा आहे. तो चांगला आहे, पण मग बोर्ड कोणत्या पत्त्यावर आहे हे दर वेळी लॅपटॉपवर शोधावे लागते.

ब्रिजचा विचार सोडून द्यावा. दोन्ही बाजूंना तार असती, तर ब्रिज हा उत्तम उपाय होता. लॅपटॉप वाय-फायने जोडलेला असताना ॲक्सेस पॉइंट त्याला त्याच्या एकाच मॅक पत्त्याने (नेटवर्क इंटरफेसचा ओळख क्रमांक) ओळखतो, आणि नेहमीच्या वाय-फाय फ्रेममध्ये तीनच पत्त्यांना जागा असल्याने लॅपटॉपच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्या उपकरणाचा मॅक पत्ता त्यात वेगळा सांगता येत नाही. लिनक्सही अशा वाय-फाय इंटरफेसला सहसा ब्रिजमध्ये घेत नाही.

एक सावधगिरी. नेटवर्कची सेटिंग बदलताना एसएसएचवर विसंबू नये. त्याच यूएसबी तारेवर बोर्ड एक सिरीयल कन्सोलही देतो. लॅपटॉपवर तो टीटीवाय-एसीएम० या नावाने दिसतो. मिनिकॉम किंवा स्क्रीनने तो उघडून ठेवला, तर पत्ते कितीही विस्कटले तरी बोर्डावर हात ठेवता येतो. तार जोडल्यावर पहिली काही सेकंद त्या कन्सोलवर विचित्र अक्षरे आली, तर घाबरू नये. लॅपटॉपवरचा मोडेममॅनेजर हा कोणता मोडेम आहे हे विचारण्यासाठी एटी आज्ञा पाठवत असतो, ती अक्षरे म्हणजे त्याच आज्ञा.

बिनखांबी_टर्मिनल:

वरचे विवेचन योग्य आहे, पण मूळ गरजेकडे पाहता एवढा खटाटोप करावा का, असे मला वाटते. काही पॅकेजे उतरवण्यासाठी ऑफिसच्या जाळ्यात एक नवा राउटर उभा करणे हे माझ्या मते जास्तीचे काम आहे, आणि काही कंपन्यांत त्यावर आक्षेपही घेतला जातो.

एसएसएच चालते आहे ना? मग लॅपटॉपवरून बोर्डावर लॉगिन करतानाच मोठ्या आर अक्षराचा पर्याय द्यावा आणि त्यापुढे फक्त एक पोर्ट क्रमांक लिहावा, उदाहरणार्थ १०८०. ओपनएसएसएच ७.६ पासून, म्हणजे २०१७ पासून, असे केले की बोर्डावर त्या पोर्टवर सॉक्स प्रॉक्सी (जोडण्या दुसऱ्या यंत्रामार्फत नेणारी मध्यस्थ सोय) उभी राहते आणि तिच्यातून जाणारी प्रत्येक जोडणी लॅपटॉपवरून बाहेर पडते. ही सोय लॅपटॉपकडच्या एसएसएचमध्ये असली की पुरे, बोर्डावरचे जुने असले तरी बिघडत नाही. बोर्डावर ॲप्टला (डेबियनची पॅकेजे उतरवणारी आज्ञा) प्रॉक्सी म्हणून सॉक्स५एच, पत्ता १२७.०.०.१ आणि पोर्ट १०८० असे सांगावे. शेवटचे ‘एच’ विसरू नये, कारण त्यामुळे नावे शोधण्याचे कामही लॅपटॉपच्या बाजूला होते आणि बोर्डावरच्या डीएनएसला हात लावावा लागत नाही. लॅपटॉपवर रूट अधिकार लागत नाहीत, फायरवॉलला हात लागत नाही, आणि लॉगिन बंद केले की सगळे आपोआप नाहीसे होते.

मॉडबससाठी तर तेवढेही नको. पायमॉडबस, मिनिमलमॉडबस आणि पायसिरीयल ही तिन्ही शुद्ध पायथनमध्ये आहेत. लॅपटॉपवर पिपने (पायथनची पॅकेजे उतरवणारी आज्ञा) उतरवून एससीपीने (एसएसएचवरून फाइल पाठवणारी आज्ञा) बोर्डावर टाकली, की तेथे चालतात. ज्या पॅकेजांत सी भाषेतला भाग असतो, तेथे मात्र लॅपटॉपची फाइल बोर्डाच्या ३२ बिटी आर्म प्रोसेसरवर चालणार नाही, हे ध्यानात ठेवावे.

शिरोली_मीटर:

दोघांचेही आभार. प्रॉक्सीचा मार्ग लगेच वापरला आणि ॲप्ट बाहेर पोचू लागले. मात्र ‘रिलीज फाइल अजून वैध नाही’ अशी तक्रार करून ते थांबते. ते का, याचा शोध चालू आहे. नॅटचाही शेवट लावायचा आहे, कारण नोंदी पाठवणारा आमचा प्रोग्राम एमक्यूटीटी (उपकरणांमध्ये छोटे संदेश पाठवण्याची पद्धत) वापरतो आणि तो प्रॉक्सीतून जात नाही.

टीसीपीडम्प लावून पाहिले. यूएसबीच्या बाजूला दर सेकंदाला १९२.१६८.७.२ कडून ८.८.८.८ कडे जाणारी विनंती दिसते. वाय-फायच्या बाजूला एकही ओळ येत नाही. आपण सांगितलेल्यातला हा पहिलाच प्रकार. मग आयपीटेबल्सच्या फॉरवर्ड साखळीची यादी काढली, तर तिच्या पहिल्याच ओळीत धोरण ‘ड्रॉप’ असे आहे, खाली डॉकर या नावाच्या तीन-चार साखळ्या आहेत, आणि धोरणाशेजारचा पाकिटांचा आकडा पिंगबरोबर एकेकाने वाढतो आहे. लॅपटॉपवर दुसऱ्या कामासाठी डॉकर (प्रोग्राम वेगळ्या कप्प्यांत, म्हणजे कंटेनरांत, चालवणारी प्रणाली) घातलेले आहे. धोरण ‘ॲक्सेप्ट’ करून टाकले तर चालेल का?

रंकाळा_राउटर:

वाढणारा आकडा आपण पाहिलात, तेव्हा आता शंका उरली नाही. डॉकरला स्वतःच्या कंटेनरांसाठी फॉरवर्डिंग लागते. ते चालू करताना आपला लॅपटॉप सगळ्यांसाठी उघडा राउटर होऊ नये, म्हणून तो फॉरवर्ड साखळीचे धोरण ड्रॉप करून ठेवतो. त्याचा हेतू चांगला आहे, म्हणून धोरण सरसकट ॲक्सेप्ट करू नये. त्याने काम होईल, पण त्याच वाय-फायवरचा दुसरा कोणीही आपल्या लॅपटॉपमार्फत पाकिटे फिरवू शकेल.

डॉकरने वापरकर्त्याच्या नियमांसाठी ‘डॉकर-यूजर’ ही साखळी मोकळी ठेवलेली असते, आणि तो पुन्हा सुरू झाला तरी तिच्यातले नियम पुसत नाही. त्यात दोन नियम वरच्या बाजूला घालावेत: यूएसबीकडून येऊन वाय-फायकडे जाणाऱ्या पाकिटांना परवानगी, आणि वाय-फायकडून यूएसबीकडे येणाऱ्या पाकिटांना ती आधीच्या जोडणीची असतील तरच परवानगी. आपला मास्करेड नियम आहे तसा राहू द्यावा. ज्यांच्या लॅपटॉपवर डॉकर नाही पण यूएफडब्ल्यू (उबुंटूवरची सोपी फायरवॉल) चालू आहे, त्यांना हाच अडथळा तेथे भेटतो, कारण यूएफडब्ल्यूही फॉरवर्डिंग मुळात अडवूनच ठेवतो.

या निमित्ताने एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण ती हल्ली वारंवार घात करते. २०१९ च्या डेबियन १० पासून आयपीटेबल्स ही आज्ञा आतून एनएफटेबल्स या नव्या फायरवॉल यंत्रणेवर चालते. एनएफटेबल्समध्ये एकाच टप्प्यावर वेगवेगळ्या तक्त्यांच्या साखळ्या असू शकतात. एका साखळीने पाकीट स्वीकारले तरी पुढची साखळी ते टाकू शकते, आणि एकीने टाकले की विषय संपला. त्यामुळे नेटवर्कमॅनेजरने स्वतःच्या तक्त्यात परवानगी लिहिली, तरी डॉकरचे ड्रॉप त्यावर भारी पडते. म्हणजे बोर्ड डीएचसीपी मागणारा असता, तरीही आपल्या लॅपटॉपवर ‘शेअर्ड’ पर्याय याच जागी येऊन अडकला असता.

आता ॲप्टची तक्रार. बोर्डावर ‘डेट’ ही आज्ञा द्यावी, बहुधा मागची एखादी तारीख दिसेल. बीगलबोन ब्लॅकवर घड्याळाला जिवंत ठेवणारी बॅटरी नाही. वीज गेली की वेळ विसरला जातो आणि सुरू होताना बोर्ड जवळ असलेली एखादी जुनी तारीख घेऊन बसतो. ॲप्टला मग भांडाराची यादी भविष्यात सही झालेली वाटते, आणि एचटीटीपीएसच्या जागी प्रमाणपत्र अजून लागू नाही असे सांगितले जाते. नॅट चालू झाले की टाइमसिंकडी (घड्याळ जुळवणारी सेवा) एनटीपीने इंटरनेटवरून वेळ घेईल, पण एनटीपी यूडीपीच्या १२३ क्रमांकाच्या पोर्टवर चालते आणि सॉक्स प्रॉक्सीतून ते जात नाही. आपल्याला आता जे दिसते त्याचे कारण हेच. तात्पुरती तारीख एसएसएचवरून लॅपटॉपची घेऊन बोर्डाला द्यावी.

पिंग चालले आणि नावे मात्र शोधली जात नाहीत, असे झाले तर बोर्डावरची रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ पाहावी. ती नुसती फाइल आहे की सिस्टमडी-रिझॉल्व्हडीकडे नेणारा दुवा आहे, हे आधी पाहून मगच तिच्यात नेमसर्व्हर लिहावा, नाहीतर लिहिलेले पुढच्या वेळी पुसले जाते. ऑफिसच्या जाळ्यातून बाहेरचे डीएनएस अडवलेले असेल, तर लॅपटॉपला मिळालेला नेमसर्व्हरच बोर्डाला द्यावा.

उद्यमनगरचा_इलेक्ट्रिशियन:

पाकिटांचे मला फारसे कळत नाही, पण भट्टीच्या पॅनलमध्ये आयुष्य गेले आहे, म्हणून दोन शब्द.

यूएसबीच्या तारेत बोर्डाची आणि लॅपटॉपची ग्राउंड थेट एक होते. मध्ये कोणतेही विलगीकरण नसते. बोर्डाला पॅनलमधल्या एसएमपीएसचा पुरवठा, लॅपटॉपचा चार्जर भिंतीवरच्या दुसऱ्याच फेजच्या सॉकेटमध्ये, आणि शेजारी शेकडो किलोवॉटची इंडक्शन भट्टी, अशा जागी दोन ग्राउंडमधला फरक त्या बारीक तारेतून वाहू लागतो. भट्टी पूर्ण शक्तीवर गेली की यूएसबीची जोडणी तुटते आणि शक्ती कमी झाली की परत येते, हे नेहमीचे आहे. नशीब वाईट असेल तर लॅपटॉपचा पोर्टही जातो. किमान एवढे करावे की बोर्ड जोडलेला असताना लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. आरएस-४८५ चा कन्व्हर्टर विलगीकरण असलेलाच घ्यावा, तेथे काटकसर करू नये. यूएसबीसाठी आयसोलेटर मिळतात, पण स्वस्तातले १२ मेगाबिटच्या वेगावरच चालतात. आपल्या नोंदींना तेवढे पुष्कळ आहे.

माझे मत विचाराल तर यूएसबी टेबलावरच्या कामापुरती ठेवावी. बीगलबोनला इथरनेटचे सॉकेट आहे. इथरनेटच्या प्रत्येक टोकाला ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे ग्राउंड एक होत नाहीत, आणि तार १०० मीटरपर्यंत नेता येते; यूएसबी २.० ची मर्यादा ५ मीटर. पॅनलपासून ऑफिसच्या स्विचपर्यंत एक कॅट-६ ओढायला वायरमनला अर्धा दिवस लागतो. फक्त ती तार वीजतारांच्या ट्रेमधून नेऊ नये, वेगळ्या पाइपमधून न्यावी, आणि वीजतार ओलांडायची वेळ आलीच तर काटकोनात ओलांडावी.

घड्याळाची बॅटरी नाही, असे वर वाचले. मग नोंद घेणाऱ्या यंत्रात आय-टू-सीवर चालणारे डीएस३२३१ सारखे आरटीसी (बॅटरीवर चालत राहणारे घड्याळ) मॉड्यूल बसवणे आलेच. रात्रीपाळीत वीज गेली आणि इंटरनेटही गेले, तर युनिटच्या नोंदींवर कोणती तारीख पडेल? वीजबिलाशी ताळा जमला नाही की मालक मीटर लावणाऱ्यालाच विचारतो.

कागल_विंडोज:

विंडोजबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. वाय-फायच्या ॲडॉप्टरच्या गुणधर्मांत जाऊन इंटरनेट कनेक्शन शेअरिंग चालू करावे आणि बोर्डाचा ॲडॉप्टर निवडावा. मात्र तसे करताच विंडोज त्या ॲडॉप्टरला १९२.१६८.१३७.१ हा पत्ता देते आणि १९२.१६८.७.२ वरचा बोर्ड दिसेनासा होतो. त्यावर शेअरिंग चालू ठेवूनच ॲडॉप्टरचा पत्ता हाताने पुन्हा १९२.१६८.७.१ करणे हा एक उपाय आहे. दुसरा उपाय बोर्डालाच १९२.१६८.१३७ मधला पत्ता देण्याचा आहे, आणि मला तो जास्त भरवशाचा वाटतो, कारण लॅपटॉप पुन्हा सुरू केल्यावर शेअरिंगने आपला पत्ता परत घालण्याची धास्ती त्यात राहत नाही. बोर्डाची यूएसबी जोडणी आरएनडीआयएस (यूएसबीवरून नेटवर्क देण्याची मायक्रोसॉफ्टची पद्धत) प्रकारची असेल तर विंडोज ती ओळखते. मॅकला मात्र आरएनडीआयएस मुळात समजत नाही, तेथे सीडीसी प्रकारची जोडणी लागते.

लिनक्स व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरी प्रणाली चालवणारा प्रोग्राम) चालवून बोर्ड आत देण्याच्या फंदात पडू नये. बोर्ड सुरू होताना यूएसबीवर आपली ओळख बदलतो, आणि दर वेळी तो आतल्या लिनक्सच्या हातून सुटून विंडोजकडे येतो.

शिरोली_मीटर:

डॉकर-यूजर साखळीत दोन नियम घातले आणि पिंगचे पहिले उत्तर लगेच आले. बोर्डावरची तारीख खरोखरच मागची होती. नॅट सुरू झाल्यावर ती आपोआप सुधारली आणि ॲप्टची तक्रारही थांबली. एमक्यूटीटी चालते आहे.

इथरनेटच्या तारेबद्दल फाउंड्रीच्या व्यवस्थापकांशी बोललो. तार ओढून देण्यास ते तयार आहेत, पण पुढच्या शटडाउनला. तोपर्यंत हीच यूएसबीची सोय लॅपटॉप बॅटरीवर ठेवून वापरेन, आणि आरटीसी मॉड्यूलही मागवले आहे. आता एकच अडचण. बोर्ड बंद करून पुन्हा सुरू केला की लॅपटॉपवर यूएसबीच्या इंटरफेसचे नाव बदलते, ईएनएक्स या अक्षरांपुढे दर वेळी वेगळे आकडे येतात, आणि त्या नावावर लिहिलेले नियम निरुपयोगी होतात. ऑफिसमधल्या टेबलावरच्या संगणकावरून बोर्डावर थेट लॉगिनही अजून होत नाही.

रंकाळा_राउटर:

ईएनएक्सपुढचे आकडे म्हणजे त्या इंटरफेसचा मॅक पत्ता. यूएसबी गॅजेटला (येथे बोर्डाच्या यूएसबी जोडणीला) ठरावीक मॅक दिलेला नसेल, तर कर्नल दर वेळी नवा तयार करतो, आणि उबुंटूला ते दर वेळी नवे उपकरण वाटते. बोर्डाच्या बाजूला जी-ईथर किंवा जी-मल्टी मॉड्यूल असेल, तर त्याला डेव्ह-ॲड्रेस आणि होस्ट-ॲड्रेस हे दोन्ही पर्याय द्यावेत. कॉन्फिगएफएसने गॅजेट उभे होत असेल, तर त्याच नावाच्या दोन फाइलींत पत्ते लिहावेत. लॅपटॉपवर दिसणारे नाव होस्ट-ॲड्रेसवरून ठरते. स्वतः निवडलेला मॅक ०२ ने सुरू करावा, म्हणजे तो स्थानिक वापराचा आहे हे स्पष्ट राहते आणि कोणत्याही कंपनीच्या पत्त्याशी टक्कर होत नाही. बोर्डाला हात लावायचा नसेल, तर आयपीटेबल्सच्या नियमांत इंटरफेसच्या नावाऐवजी १९२.१६८.७.० हे जाळेच लिहावे; तसे नियम नाव बदलले तरी लागू राहतात.

टेबलावरच्या संगणकावरून लॉगिन होत नाही, कारण मास्करेड एकाच दिशेचे आहे: आतून निघालेल्या जोडणीला परतीची वाट मिळते, बाहेरून नवी जोडणी आत शिरत नाही. त्यासाठी पोर्ट उघडत बसू नये. लॅपटॉपवर एसएसएच सर्व्हर चालू करून टेबलावरच्या संगणकावरून मोठ्या जे अक्षराच्या पर्यायाने लॅपटॉपला मधला थांबा द्यावा आणि पुढचा पत्ता १९२.१६८.७.२ लिहावा, ओपनएसएसएच ७.३ पासून ही सोय आहे. मध्ये लॅपटॉप झोपला की हे सगळे तुटते. म्हणून झाकण मिटल्यावर झोपण्याचे सेटिंग बंद करावे, आणि लॅपटॉप बॅटरीवर असल्यामुळे किती वेळ चालेल, तेवढ्याच वेळेची चाचणी आखावी.

फॉरवर्डिंगची किंमत सिसकंट्रोलच्या फाइलीत लिहून कायम करता येते, आणि आयपीटेबल्सचे नियम जपण्यासाठी आयपीटेबल्स-पर्सिस्टंट हे पॅकेज आहे. मात्र ते डॉकरचेही नियम त्या क्षणी असतील तसे जपून ठेवते, आणि पुढे डॉकर स्वतःचे नवे नियम घालतो तेव्हा दुहेरी गोंधळ होतो. या लॅपटॉपवर आपले तीन नियम एका छोट्या स्क्रिप्टमध्ये ठेवावेत आणि डॉकर सुरू झाल्यानंतर चालणाऱ्या सिस्टमडी सेवेतून ती स्क्रिप्ट चालवावी. इथरनेटची तार ऑफिसच्या स्विचपर्यंत आली की ती सेवा काढून टाकावी आणि बोर्डावर यूएसबीकडे दिलेला डीफॉल्ट राउटही काढावा. तो राहिला आणि पुन्हा कधी लॅपटॉप जोडला गेला, तर बोर्डाला बाहेर जाण्याच्या दोन वाटा दिसतील आणि ज्या वाटेचा मेट्रिक (पसंतीक्रमाचा आकडा) कमी तिकडेच तो पाकिटे पाठवेल.